पोपटासारखा बोलू लागला : ‘झीरो डार्क थर्टी’च्या निमित्ताने



पत्रिकेत आजचा विषय चित्रपटाचा आहे असं छापलंय, आणि तो तसा आहेही. पण सुरुवात आम्ही वर्तमानपत्रातल्या एका वाक्यापासून करणार आहोत. ‘पोलिसांनी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.’ हे वाक्य तुम्ही किती वेळा वाचलं असेल? चोरीच्या बातमीत वाचलं असेल, खुनाच्या बातमीत वाचलं असेल, बॉम्बस्फोटाच्या बातमीतही वाचलं असेल. इतकं सवयीचं वाक्य की डोळे त्यावरून घसरून पुढे जातात. ‘खाक्या’ म्हणजे नेमकं काय, हे बातमीदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

पण ‘पोपटासारखा’ या शब्दापाशी जरा थांबा. पोपट कधी स्वतःच्या मनातलं बोलतो का? पोपट पढवलेलं बोलतो. त्याला ‘विठू विठू’ शिकवलं की तो ‘विठू विठू’ म्हणतो. म्हणजे बघा, लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की आरोपी खरं बोलू लागला, आणि भाषा मात्र सांगून जाते की तो शिकवलेलं बोलू लागला. आम्हाला आज जे म्हणायचं आहे त्याचा गाभा या एका शब्दात आहे.

‘आम्ही’ म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसून चित्रपट पाहतो आणि मग त्यावर भांडतो. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांच्या खटल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानंतरच्या बैठकीला आम्ही मुद्दाम ‘झीरो डार्क थर्टी’ पुन्हा पाहिला. चर्चा तापली. कैद्याचा छळ वाईटच, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. तेव्हा आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, ‘मग करायचं काय? दहशतवादी आहे तो. त्याला काय जावई आलाय म्हणून चहा-बिस्कीट द्यायचं?’ सगळे हसलो. पण विचारणारा हसत नव्हता. २००६ साली तो रोज चर्चगेटहून विरार गाडी पकडायचा. ११ जुलैच्या संध्याकाळी ऑफिसात उशीर झाला म्हणून त्याची नेहमीची गाडी चुकली. त्या डब्यातली दोन ओळखीची माणसं पुन्हा दिसली नाहीत. त्याचा प्रश्न टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. आजचं भाषण म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

आता चित्रपटाकडे येऊ. दिग्दर्शक कॅथरिन बिगेलो, पटकथा मार्क बोल यांची, साल २०१२. ओसामा बिन लादेनचा जवळजवळ दहा वर्षं चाललेला शोध आणि मे २०११ मधला अबोटाबादचा छापा, असं कथानक आहे. सुरुवातीला पडदा काळा असतो. चित्र नाही, नुसते आवाज. ११ सप्टेंबर २००१ ला जळत्या इमारतींत अडकलेल्या माणसांचे टेलिफोनवरचे आवाज. ते ऐकताना पोटात कालवतं. आणि त्यानंतर लगेच दिसते एक कोठडी. दोरांनी बांधलेला अम्मार नावाचा कैदी, त्याला प्रश्न विचारणारा डॅन हा सीआयएचा अधिकारी, आणि पहिल्यांदाच हे पाहायला आलेली माया. तोंडावर फडकं टाकून वरून पाणी ओतणं, गळ्यात पट्टा बांधून कुत्र्यासारखं चालवणं, लाकडी पेटीत कोंडणं, हे सगळं आपण पाहतो.

या जोडणीत काय झालं, बघा. आधी मरणाऱ्यांचे आवाज, मग हा माणूस. मध्ये एकही शब्द नाही. तरी आपल्या मनात हिशोब मांडून झालेला असतो. तो कोण, त्यानं नेमकं काय केलं, पुरावा काय, हे विचारायची गरजच आपल्याला वाटत नाही. त्याच्या अपराधाची खात्री आपल्याला चित्रपटानं दिलेली असते.

आता चित्रपटाला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की तो छळाचं सरळ गुणगान करत नाही. पेटीत कोंडायच्या वेळी डॅन विचारत राहतो, हल्ला कुठल्या दिवशी? अम्मार पुटपुटतो, शनिवार. मग रविवार. मग सोमवार. मग आणखी वार. आठवडा जवळजवळ संपवतो तो. आणि तरीही हल्ला होतोच. पुढे त्याचा मोठा धागा मिळतो तो कोठडीच्या बाहेर, टेबलावर, जेवताना. झोपेविना त्याची स्मृती विस्कटली आहे याचा फायदा घेऊन माया आणि डॅन त्याला थाप मारतात की तू आम्हाला सगळं सांगून झालंयस. समोर अन्न आहे, सिगारेट आहे, आणि तो बोलता बोलता बिन लादेनच्या निरोप्याचं नाव सांगून जातो. अबू अहमद. चित्रपटाचे पाठीराखे म्हणतात, बघा, नाव जेवणानं मिळालं. विरोधक म्हणतात, जेवणाआधी मारलं म्हणून मिळालं, आणि जेवताना डॅन परत टांगायची धमकीही देतो. दोघांचंही बरोबर आहे. प्रसंग दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

मग आमची तक्रार काय? तक्रार त्या आठवड्याच्या वारांबद्दल आहे. अम्मार खोटे वार सांगतो आणि त्या खोट्याचं पुढे काहीच होत नाही. कुणी चुकीच्या दिवशी चुकीच्या दारावर जाऊन थडकत नाही, कुणा भलत्याच माणसाला उचलून आणत नाही. खोटं उत्तर हवेत विरून जातं, खरं उत्तर तेवढं गोष्टीत राहतं. गोष्टीची ती गरजच असते म्हणा. अडीच तासांच्या चित्रपटात प्रत्येक प्रसंगाचं पुढे काहीतरी व्हावं लागतं. पण छळाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी इथेच गळून पडते. छळामुळे मिळालेलं खोटं हवेत विरत नाही. ते कागदावर उतरतं, सहीशिक्क्यानिशी वर जातं आणि त्यावर निर्णय होतात.

याचं उदाहरण चित्रपटाच्या बाहेर, त्याच काळात, त्याच संस्थेच्या इतिहासात आहे. इब्न अल-शेख अल-लिबी हा अफगाणिस्तानातल्या प्रशिक्षण छावणीशी संबंधित माणूस २००१ च्या शेवटी पाकिस्तानात पकडला गेला. एफबीआयचे लोक त्याच्याशी बोलत होते, तोही बोलत होता. मग सीआयएनं त्याला तिथून उचलून इजिप्तला पाठवलं. तिथे त्याला विचारण्यात आलं की इराकचा आणि अल-कायदाचा संबंध काय. मार खाल्ल्यावर त्यानं सांगितलं की हो, इराकनं अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. विचारणाऱ्यांना हेच ऐकायचं होतं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणात ही माहिती, त्याचं नाव न घेता, आली. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये अल-लिबीनं जबाब फिरवला आणि मार थांबावा म्हणून बोललो असं सांगितलं. तोवर बगदाद पडलं होतं. एका माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य केवढ्या लांबवर जाऊ शकतं, ते बघा. ‘झीरो डार्क थर्टी’मध्ये अल-लिबी नाही. तो त्यात मावणारही नव्हता.

दुसरं उदाहरण चित्रपटातच आहे, फक्त उलटं करून. हसन गुल नावाचा एक कैदी त्यात येतो आणि म्हणतो की मला पुन्हा छळ नकोय, विचारा, सांगतो. प्रेक्षक मान डोलावतो, बघा, धाक कामी आला. हसन गुल हे खरं नाव आहे. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीच्या अहवालाचा सारांश ९ डिसेंबर २०१४ ला प्रसिद्ध झाला. त्यात असं म्हटलंय की निरोप्याबद्दलची सर्वांत अचूक माहिती गुलकडूनच मिळाली, पण ती जानेवारी २००४ मध्ये, त्याच्यावर कुठलंही कठोर तंत्र वापरण्याआधी. एका अधिकाऱ्यानं तर तो पाखरासारखा गात होता अशा अर्थाचं वर्णन केलंय. छळ त्यानंतर झाला, आणि त्यातून निरोप्याबद्दल नवं काही हाती लागलं नाही. सीआयएनं समितीच्या निष्कर्षांवर आक्षेप नोंदवले, हेही खरं. आणि चित्रपट अहवालाच्या दोन वर्षं आधीचा आहे, म्हणून लेखकाला सगळं माहीत असायला हवं होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण डिसेंबर २०१२ मध्येच डायअ‍ॅन फाइनस्टाइन, कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन या तीन सिनेटरांनी निर्मात्यांना पत्र लिहून चित्रपट दिशाभूल करतो असं कळवलं होतं.

या तिघांमधलं मॅकेन यांचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते पक्के लष्करी घराण्यातले, रिपब्लिकन, युद्धाला भिणारे मुळीच नव्हेत. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त काळ युद्धकैदी होते आणि त्यांचा अतोनात छळ झाला होता. तुझ्या तुकडीतल्या वैमानिकांची नावं सांग, असा जबर मार देऊन प्रश्न आला, तेव्हा त्यांनी ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघातल्या खेळाडूंची नावं सांगितली. आपल्याकडचा कुणी असता तर त्यानं मुंबईच्या रणजी संघाची सांगितली असती. विचारणाऱ्यांना नावं हवी होती, नावं मिळाली. मार थांबला.

आणि ही तंत्रं आली कुठून, तेही ऐका. अमेरिकी सैन्यात एक प्रशिक्षण असतं, शत्रूच्या हाती सापडलात तर टिकून कसं राहायचं याचं. कोरियन युद्धात चिनी आणि कोरियन कोठड्यांमध्ये अमेरिकी वैमानिकांकडून जंतुयुद्धाचे खोटे कबुलीजबाब लिहून घेतले गेले होते. त्या छळाची तोंडओळख व्हावी म्हणून हे प्रशिक्षण. २००२ मध्ये जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तीच तंत्रं उलटी फिरवून कैद्यांवर वापरायला दिली. दोघांनीही त्याआधी प्रत्यक्ष चौकशी कधी केली नव्हती. त्यांच्या कंपनीला या कामाचे ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. म्हणजे खोटं वदवून घेण्यासाठी जी पद्धत घडवली गेली, तीच पद्धत खरं काढण्यासाठी आणली. तिनं आपलं मूळचं काम केलं, यात नवल काय?

आता आमच्या मित्राच्या चहा-बिस्किटाकडे येतो. कारण झालं काय, तर बिस्किटं खरोखरच दिली गेली होती.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत एफबीआयचे अली सुफान येमेनच्या तुरुंगात अबू जंदलची चौकशी करत होते. सुफान लेबनॉनमध्ये जन्मलेले, अरबी ही त्यांची मायबोली. अबू जंदल हा बिन लादेनचा पूर्वीचा अंगरक्षक, कडवा, अमेरिकनांकडे तोंड करून बसायलाही तयार नसलेला. चहाबरोबर बिस्किटं ठेवली होती, त्यांना तो हात लावत नव्हता. सुफान यांच्या लक्षात आलं की त्याला मधुमेह आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनसाखरेची बिस्किटं आणली. मग तो बोलायला लागला, म्हणजे आधी वाद घालायला लागला. सुफान यांना धर्मग्रंथ माहीत होते, संघटनेचा इतिहास पाठ होता, फाइल वाचून झाली होती. त्यांनी त्याला छायाचित्रांचा संग्रह दाखवला आणि तुझ्या ओळखीचे कोण ते सांग म्हटलं. त्यात त्यानं सात जणांना अल-कायदाचे म्हणून ओळखलं. मग म्हणाला, न्यूयॉर्कचं काम शेख कधी करणार नाहीत. तेव्हा सुफान यांनी सांगितलं की तू आत्ता ज्यांना ओळखलंस, विमानं त्यांनीच पाडली. तो कोसळला आणि पुढे जे सांगत गेला ते अफगाणिस्तानच्या मोहिमेला थेट उपयोगी पडलं.

यात दयामाया फार होती असं समजू नका. हा डाव होता, आणि तो डाव कठोर होता. फक्त त्यात समोरच्याला माणूस म्हणून पाहणं हा कामाचाच भाग होता. त्याला मधुमेह आहे हे दिसायला त्याच्याकडे बघावं लागतं. पट्ट्यानं मारणाऱ्याला ते दिसलं नसतं. आपल्याकडे ‘बोलतं करणं’ असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे. मुलाखतकार पाहुण्याला बोलतं करतो, नवी सून सासूला बोलतं करते. त्याला वेळ लागतो, कान लागतो. आणि ‘वदवून घेणं’ असाही शब्द आहे. त्यात वाक्य आधीच ठरलेलं असतं, तोंड फक्त दुसऱ्याचं असतं.

याच सुफान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००२ च्या वसंतात अबू झुबैदा या जखमी कैद्याच्या उशाशी बसून, त्याच्या ओठांना बर्फ लावत, हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद आहे ही माहिती मिळवली होती. मग त्यांना बाजूला काढण्यात आलं. ऑगस्टमध्ये अबू झुबैदाच्या तोंडावर ८३ वेळा पाणी ओतलं गेलं. तो अल-कायदाचा तिसऱ्या क्रमांकाचा नेता आहे असं आधी सांगितलं जात होतं, ते चुकीचं निघालं. त्याच्यावर आरोपपत्र न ठेवता त्याला आजवर ग्वांतानामोत ठेवलेलं आहे.

इथे भाषण संपवणं सोपं होतं. छळ चालत नाही, म्हणून करू नका. पण आमच्यातल्या वकीलबाईंनी आम्हाला अडवलं. म्हणाल्या, आणि चालत असता तर केला असतात का? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला बगल देता येत नाही. कारण कधीकधी तो ‘चालतो’.

फ्रँकफर्ट, २००२. अकरा वर्षांच्या एका मुलाचं अपहरण झालं. खंडणी घेणारा तरुण पकडला गेला, पण मुलगा कुठे आहे ते सांगेना. पोलीस उपप्रमुखानं हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगितलं की त्याला असह्य वेदना दिल्या जातील अशी धमकी दे. धमकी दिली. काही मिनिटांत त्यानं जागा सांगितली. मुलगा आधीच मेलेला होता.

आता सांगा, त्या पोलीस अधिकाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? आमच्या बैठकीत शांतता पसरली. आमच्यातल्या आईबापांना तर बोलवेनाच. जर्मन न्यायालयानं काय केलं ते बघा. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला दोषी ठरवलं. आणि शिक्षा म्हणून ताकीद आणि स्थगित दंड, एवढंच. पुढे २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही ती धमकी म्हणजे अमानुष वागणूकच होती असा निर्णय दिला. आम्हाला हे शहाणपणाचं वाटतं. त्याच्या मनातली तळमळ न्यायालयानं मान्य केली, म्हणून शिक्षा हलकी. पण उद्याच्या अधिकाऱ्याच्या हाती परवाना दिला नाही, म्हणून दोषी. कुणाला मोह होणं समजू शकतं. कायद्यानं आधीच परवानगी देऊन ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

का वेगळी? ‘बॉम्ब टिकटिकतोय’ हा जो नेहमीचा युक्तिवाद आहे ना, तो आम्हाला ‘झीरो डार्क थर्टी’च्या पहिल्या पाच मिनिटांसारखा वाटतो. त्यात आपल्याला सगळं आधीच माहीत असतं. बॉम्ब आहे हे माहीत, या माणसानं ठेवला हे माहीत, त्याला जागा ठाऊक आहे हे माहीत. ही प्रेक्षकाची खुर्ची झाली. कोठडीत ही खुर्ची नसते. तिथे संशय असतो, एखाद्या खबऱ्याची टीप असते, वरून आलेला दबाव असतो. छळाचं समर्थन करणारा प्रत्येक जण नकळत प्रेक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि तिथून बोलतो. सिनेटच्या अहवालानुसार सीआयएनं ११९ जणांना गुप्त कोठड्यांत ठेवलं, त्यांतल्या किमान २६ जणांना ठेवायचं कारणच नव्हतं. या २६ जणांबद्दलही कुणालातरी खात्री होतीच की.

आणि दुसरी गोष्ट. हेन्री श्यू नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ मध्ये एक मुद्दा मांडला होता. युद्धात आपण माणूस मारतो, छळात तर मारतही नाही, मग छळ अधिक वाईट का? तर युद्धात समोरच्याच्याही हातात हत्यार असतं. छळात समोरचा बांधलेला असतो. त्यानं काय केलं होतं हा प्रश्न खटल्याचा. आत्ता या क्षणी तो काहीही करू शकत नाही, आणि सगळी सत्ता आपल्या हातात आहे. अशा वेळी आपण काय करतो, यावर आपण कोण ते ठरतं. छळ उपयोगी ठरला तरी हे बदलत नाही. म्हणून वकीलबाईंना आमचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

आता आपल्याकडे येऊ. या विषयावर आपला एक मोठा चित्रपट आहे, आणि त्यात दहशतवादी नाही, एक भुरटा चोर आहे. गोविंद निहलानी यांचा १९८३ चा ‘अर्धसत्य’. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, म्हणजे चित्रपट हिंदी असला तरी घर मराठी आहे. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर रेडिओ चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला लॉकअपमध्ये मारत सुटतो आणि तो माणूस मरतो. वेलणकर प्रश्न विचारतोय असं वरवर दिसतं. पण तो मारत असतो बापाला, डावललेल्या बढतीला, रामा शेट्टीला, स्वतःच्या हतबलतेला. ‘झीरो डार्क थर्टी’ आपल्याला मारणाऱ्याच्या उद्दिष्टाकडे बघायला लावतो, ‘अर्धसत्य’ मारणाऱ्याच्या हाताकडे. बिगेलोंच्या डॅनलाही शेवटी कंटाळा येतो आणि तो वॉशिंग्टनला निघून जातो. जाताना त्याला वाईट वाटतं ते पिंजऱ्यातल्या माकडांचं, ती मारून टाकली म्हणून. ही एक जागा मात्र बिगेलोंनी अचूक पकडली आहे.

आपला कायदाही या बाबतीत अडाणी नव्हता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तो कायदा लिहिणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे एक आठवण नोंदवली. हिंदुस्थानातले पोलीस छळ का करतात असं विचारल्यावर त्यांना एका अनुभवी अधिकाऱ्यानं सांगितलं होतं की त्यामागे बराचसा आळस असतो. उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोयीचं. दीडशे वर्षं झाली. ऊनही तेच आहे आणि सावलीही.

पण दहशतवादाचा प्रश्न आला की आपण या नियमाला भोक पाडलं. टाडा, पोटा आणि महाराष्ट्रात १९९९ चा मकोका, या कायद्यांनी ठरावीक हुद्द्याच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य केला. ११ जुलै २००६ च्या स्फोटांचा खटला मकोकाखाली चालला. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेवर पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट, १८० हून अधिक मृत्यू. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. एकाची सुटका झाली, तीही नऊ वर्षं आत काढल्यावर. आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. कबुलीजबाब स्वेच्छेचे नव्हते, ते एकमेकांशी संशयास्पद रीतीनं जुळत होते, रुग्णालयांच्या नोंदी छळाच्या शक्यतेकडे बोट दाखवत होत्या, असं न्यायालयानं म्हटलं. आणि इतके कबुलीजबाब हातात असूनही नेमके कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नव्हतं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

आणखी एक गोष्ट. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच दुसऱ्या शाखेनं वेगळ्या गटातले लोक पकडले. त्यांतल्या एकानं जबाब दिला की लोकलचे स्फोट आमच्या गटानं केले. न्यायालयात तो त्यावरून फिरला. म्हणजे एकाच गुन्ह्याचे, एकाच शहरात, दोन वेगळे कबुलीजबाब. दोन वेगळे पोपट, ज्यानं त्यानं आपापलं पढवलेलं बोललेले.

याउलट २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचा खटला आठवा. तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन कसाबला जिवंत पकडून दिलं. तो खटला उभा राहिला तो प्रत्यक्ष साक्षीदार, कॅमेऱ्यातली चित्रं, टेलिफोनवरची संभाषणं यांवर. कसाबचा कबुलीजबाबही होता, पण तो दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि तेही टिकलं. तिथे उन्हात हिंडण्याचं काम झालं होतं.

उच्च न्यायालयाच्या निकालाच्या सुरुवातीला एक विचार आहे, तो आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होणं हे समाजाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. पण भलत्यालाच उभं करून प्रकरण सुटल्याचा देखावा केला, तर लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळा फिरत राहतो. हे वाचल्यावर आमच्या त्या मित्रानं पहिल्यांदा मान खाली घातली. तो आरोपींच्या बाजूचा नव्हता, आजही नाही. तो म्हणाला, ‘एकोणीस वर्षं मला वाटत होतं, कुणीतरी आत आहे. म्हणजे आता मला माहीतच नाही की त्या दोघांना कुणी मारलं.’

मित्रहो, छळाविरुद्ध बोलणं म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणं, असं आपल्याला सतत सांगितलं जातं. या वाक्यानंतर आम्हाला ते मान्य करता येत नाही. लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना खरं काय ते कळायचा हक्क होता. तो हक्क कोठडीत, कुणीतरी पढवलेल्या वाक्यांखाली, गाडला गेला. आपण १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली. त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये छळविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळलं, २०१७ मध्ये विधी आयोगानं पुन्हा शिफारस केली. हे सगळं आपल्या हातात नाही, ठीक आहे. पण वाचक म्हणून, प्रेक्षक म्हणून एक काम आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी ‘पोपटासारखा बोलू लागला’ असं वाचाल, किंवा पडद्यावर मार खाऊन कुणी नाव सांगताना पाहाल, तेव्हा एवढंच विचारा की याला हे आधी कुणी शिकवलं होतं.

आणि आमच्या मित्राला उत्तर : हो, चहा-बिस्कीट द्यायचं. बिनसाखरेचं लागत असेल, तर ते शोधून आणायचं.